नळकाकांचे एकशे ऐंशी दिवस

आमच्या गावात बंद घर कसं ओळखायचं हे नगरपालिकेला ज्या माणसाने शिकवलं, त्याचंच घर एका वर्षी बंद घरांच्या यादीत आलं. यादी मीच टाइप करत होते. घराचा क्रमांक टाइप केला, पुढच्या ओळीवर गेले आणि बोटं थांबली. मागे येऊन पुन्हा वाचलं. जिन्याच्या गल्लीतलं शेवटचं घर. नळकाकांचं.

मी कर विभागात खिडकीवर बसते, त्याला आता एकवीस वर्षं झाली. घरपट्टी भरायला कोणी हसत येत नाही, म्हणून मीही लोकांकडे बघून हसायचं कधीच सोडून दिलंय. मागे मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. पण नळकाका आले की मी खुर्ची पुढे ओढायचे. खिडकीत कोपर टेकून ते विचारायचे, "काय ताई, आज किती जणांच्या शिव्या गोळा केल्या?" वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मला ताईच म्हणायचे.

आमचं गाव तळ्याकाठी, उंचावर. उन्हाळ्यात हवा अशी की आजारी माणूस उठून बसावा. हिवाळ्यात मात्र नळातलं पाणी गोठून पाइप फुटतात. त्यामुळे उन्हाळ्यापुरती येणारी माणसं पुष्कळ, आणि बहुतेक सगळी परराज्यातली. आधी ती भाड्याने राहायची. मग घरं विकत घ्यायला लागली, आणि बघता बघता तळ्याकडची अर्धी आळी त्यांची झाली. तीन महिने दिवे, नऊ महिने कुलपं.

ही घरं हिवाळ्यासाठी बंद करायची म्हणजे नुसतं कुलूप लावून भागत नाही. मेन कॉक बंद करायचा, सगळे नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाकायचं, गीझर रिकामा करायचा, फ्लशची टाकी कोरडी पुसायची, सिंकखालच्या वळणात मूठभर मीठ घालायचं. शेवटी मेन कॉकला लाल सुतळीची गाठ मारायची, म्हणजे कोणी चुकून पाणी सोडणार नाही. हे सगळं काम नळकाकांचं. पन्नासेक घरांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असायचा, आणि चालताना त्याचा खुळखुळाट दोन गल्ल्या आधी ऐकू यायचा. काकू म्हणायच्या, "यांना भांडून घरातून गुपचूप निघून जायचं म्हटलं तरी जमायचं नाही."

गावातल्या लोकांचा त्या कुलपांवर राग होता, आणि तो काही उगाच नव्हता. घरांच्या किमती इतक्या चढल्या की आमच्या पोरांना गावात एक खोली घेता येईना. माझा धाकटा भाऊ लग्न झाल्यावर खाली शहरात राहायला गेला तो गेलाच. मुलं नाहीत म्हणून शाळेतला एक वर्ग बंद पडला. पण रस्ते, दिवे, आगीचा बंब हे सगळं त्या अंधाऱ्या घरांसाठीही बारा महिने ठेवायचंच. तेव्हा नगरपालिकेने ठरवलं की हंगामी घरांना तिप्पट घरपट्टी लावायची. मला तर वाटलं, चौपट का नाही?

प्रश्न एवढाच होता की हंगामी घर कोणतं, हे ठरवायचं कसं. बाहेरच्या मालकांकडे कागद काय कमी होते! एकाने टेलिफोनची बिलं आणली, एकाने तर माळ्याचं पत्र आणलं की मालक इथेच राहतात, मी रोज बघतो. मुख्याधिकारी साहेब डोकं धरून बसले. लोकांची मतं ऐकायला सभा बोलावली, सभागृह खचाखच भरलं, आणि मागच्या रांगेतून नळकाका उठले.

"साहेब, कागदाचं काय घेऊन बसलात? पाण्याचा मीटर बघा. माणूस घरात असेल तर चूळ भरेल, चहा टाकेल, संडासला जाईल. आकडा हलला नाही, म्हणजे घरात माणूस नाही. एवढं सोपं आहे."

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, आणि हसता हसता सगळ्यांना पटलंही. वर्षातले निदान एकशे ऐंशी दिवस घरात पाणी वापरलेलं दिसलं पाहिजे, तेही नावापुरतं नाही, एका घराला लागेल एवढं, असं ठरलं. किती लागतं, तेही काकांनीच तिथल्या तिथे तोंडी हिशेब करून सांगितलं. मी इतिवृत्त लिहीत होते, मी ते उतरवून घेतलं.

मग निळ्या घरातल्या बाई उठल्या. या परराज्यातल्या निवृत्त शिक्षिका, एकट्या. आयुष्यभराची शिल्लक घालून तळ्याच्या टोकाला दोन खोल्यांचं घर त्यांनी घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "मी पट्टी बारा महिन्यांची भरते आणि राहते तीन महिने. तुमच्या शाळेत माझं मूल नाही, तुमच्या दवाखान्यात माझी खाट नाही. आणि मला इथे मत नाही. ज्याला मत नाही त्याच्यावर तिप्पट पट्टी लावायला काही हिंमत लागत नाही." आम्हाला भयंकर राग आला, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. बाई पुढे म्हणाल्या, "निदान मसुद्यातलं आजारपणाचं कलम तरी ठेवा. कोणी आजारी पडेल, कोणाला कोणाची सेवा करायला जावं लागेल."

तसं कलम खरंच होतं मसुद्यात. नळकाका पुन्हा उठले. एकदा टाळ्या मिळाल्या की माणसाला बसवत नाही.

"आजारपणाची सवलत ठेवलीत तर उद्या तळ्याकाठचे झाडून सगळे आजारी पडतील! डॉक्टरचा कागद काय, मागाल तसा मिळतो. नियम करायचा तर एकच करा, आणि सगळ्यांना सारखा करा."

या वेळी टाळ्या जास्त पडल्या. मीही पेन खाली ठेवून वाजवल्या. कलम तिथल्या तिथे खोडलं गेलं.

दोन वर्षांनी काकूंच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि त्याचं मशीन आमच्या दवाखान्यात नाही. जवळात जवळचं म्हणजे शेजारच्या राज्यात, त्यांची मुलगी राहते त्या शहरात. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. हिवाळा तोंडावर आला होता. काकांनी घाईघाईने सगळ्यांची घरं बंद केली, आणि शेवटी स्वतःचं. तेही त्याच हाताने, त्याच पद्धतीने, पाइप कोरडे करून, वळणात मीठ घालून, मेन कॉकला लाल सुतळी बांधून. पुढच्या उन्हाळ्यात ते एकटेच आले, लोकांची घरं उघडून दिली आणि महिनाभरात परत गेले. मीटर वाचणाऱ्याने वर्षभर प्रामाणिकपणे आकडे लिहिले, आणि त्या आकड्यांवरून यादी तयार झाली.

मी ती यादी दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली. दोन दिवस ठेवून काय होणार होतं, मलाच ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मागितली आणि सही केली. काकांच्या नोटिशीवरचा शेरा माझ्याच टाइपात होता: हंगामी, मालक परराज्यात. तिप्पट पट्टी, वर दंड, आणि वर्षअखेर भरणा न झाल्यास घर सील करून लिलाव.

काका आले ते कोपर न टेकता उभे राहिले. नोटीस खिडकीतून आत सरकवली.

"ताई, हे माझंच आहे?"

"हो, काका."

"पण मी बाहेरचा नाही."

"नियमात बाहेरचा आणि आतला असं काही नाही, काका. पाणी आहे."

नियम कोणाचा, हे दोघांनाही माहीत होतं. मग बाकावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. होतं नव्हतं ते काकूंच्या उपचारात गेलं होतं. काम सुटलं होतं. नोटिशीबद्दल त्यांनी काकूंना अवाक्षर सांगितलं नव्हतं. कारण काकूंचा एकच हट्ट होता, घरी यायचं. मशीन सोडलं की जास्तीत जास्त दोन आठवडे, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "लेकीसाठी अजून थोडे दिवस टोचून घेईन. पण शेवटचे दोन आठवडे माझे. ते मी माझ्या खिडकीशी काढणार."

"आणि तिला मी सांगू की घर लिलावात गेलं?" काका म्हणाले. "कोणत्या तोंडानं सांगू?"

मी हरकतीचा अर्ज भरून दिला. सुनावणीच्या दिवशी निळ्या घरातल्या बाईही आल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या हरकतीसाठी, दरवर्षीसारख्या. काकांना बघून त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. काका बसले, पण मान वर करेनात.

"मी तेव्हा माझ्यासाठीच बोलले होते," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी बोलले असं काही मनात आणू नका."

साहेबांनी माझ्याकडून जुनं इतिवृत्त मागवलं आणि मोठ्याने वाचलं. ते वाईट माणूस नाहीत. रागाने किंवा खिजवण्यासाठी त्यांनी वाचलं नाही, नियमाप्रमाणे वाचावं लागतं म्हणून वाचलं. पण आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना काकांचा चेहरा उतरत गेला, तो मला बघवेना.

"हे तुम्ही बोलला होतात?"

"बोललो होतो. टाळ्यापण पडल्या होत्या."

"आज तुमचं काय म्हणणं आहे?"

"आज म्हणणं असं आहे साहेब, की मी मूर्ख होतो."

साहेबांनी अर्ज उलटून बघितला. "त्यासाठी माझ्याकडे रकाना नाही, काका," ते म्हणाले, आणि कपाळ चोळत बसले. शेवटी त्यांनी नियमात बसेल एवढी एक वाट काढली. आजपासून सलग एकशे ऐंशी दिवस मालकाने स्वतः घरात राहायचं. पाण्याचा वापर ठरल्याइतका दिसला पाहिजे. दर सोमवारी आणि गुरुवारी कार्यालयात येऊन सही करायची, कारण काही हुशार लोक नळ ठिबकता ठेवून निघून जायचे. शेवटच्या दिवशी मालकासमोर आकडा घ्यायचा आणि मालकाने त्यावर सही करायची. मग नोटीस रद्द, दंड रद्द. एक सही चुकली तर मोजणी पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून मोजायला वर्षात दिवसच उरत नव्हते.

बाहेर आल्यावर काकांनी बोटांवर महिने मोजले. "डॉक्टर म्हणतात, मशीनवर वर्षभर तरी निघेल. सहा महिने मी इथे काढतो. मग गाडी करून तिला घेऊन येतो. जमेल ना, ताई?"

"जमेल की," मी म्हणाले. "सहा महिने म्हणजे काय, असे निघून जातील."

हे मी बोलले. दुसरं कोणी नाही.

पहिला महिना संपला, आणि काकांचा आकडा कमी भरला. एकटा माणूस, आणि तो नळकाका. थेंबभर पाणी सांडलं तरी जो खाली भांडं ठेवायचा, तो किती वापरणार? अर्ध्या बादलीत आंघोळ, तांब्याभर पाण्यात भांडी. ठरलेला आकडा होता भरल्या घराचा, त्यांनीच सभेत सांगितलेला. मी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, पाणी सांडा."

"कुठे सांडू?"

"कुठेही! फरशी धुवा, पायऱ्या धुवा. नाहीतर हा महिना धरणार नाहीत."

नुसतं सांडायला त्यांचा हात होईना. मग त्यांनी गल्लीतल्या लोकांची धुणी घ्यायला सुरुवात केली. फुकट. हाडं गोठवणाऱ्या थंडीत हा माणूस शेजारणींच्या चादरी, अभ्रे, पोरांच्या लंगोट्या दगडावर आपटत बसायचा. बायका आधी लाजल्या, मग सरसकट गाठोडी आणून टाकायला लागल्या. एकीने तर पडदे आणले आणि वर सांगितलं, "नीळ जरा बेतानं घाला हं, काका." हसावं की रडावं कळत नव्हतं. सही करायला यायचे तेव्हा बोटांना चिरा पडलेल्या असायच्या, आणि रजिस्टरवर कधी कधी रक्ताचा ठिपका उमटायचा.

गुरुवारी सही झाली की ते माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून काकूंना फोन लावायचे. काकूंचा आवाज मोठा, मला आत ऐकू यायचा.

"अहो, न्हाणीघरातला नळ अजून गळतोय का?"

"गळतोय."

"जगाचे नळ केलेत दुरुस्त. आपला कधी करणार?"

"तू आल्यावर. तू डोक्याशी उभी राहून ओरडल्याशिवाय माझा हात चालत नाही."

मग त्या हसायच्या. नोटिशीचं त्यांना एव्हाना मुलीने सांगून टाकलं होतं. सुरुवातीला फोनवरून काकांची चांगली हजेरी घेतली, म्हणे टाळ्यांसाठी घर विकणारा माणूस मी आजच बघितला. पण त्यानंतर त्यांनीही दिवस मोजायला घेतले. फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा, किती राहिले.

तिसऱ्या महिन्यात काकांना राहवेना. सोमवारी कार्यालय उघडताच सही करून ते निघाले, दीड दिवस प्रवास करून मुलीच्या घरी पोचले, एक रात्र काकूंजवळ काढली आणि परत फिरले. गुरुवारी पाचला खिडकी बंद होते. पाचला दहा मिनिटं कमी असताना ते धापा टाकत आले. सही केली. मी विचारलं, "कशा आहेत?" तर म्हणाले, "हात असा झालाय ताई, की धरायला भीती वाटते." पुन्हा गेले नाहीत. उशीर झाला असता तर, ही धास्ती त्यांच्या मनात बसली.

मोजणीचे अकरा दिवस राहिले असताना मुलीचा फोन कार्यालयात आला. "ताई, बाबांना पाठवून द्या. आईनं खाणं सोडलंय. डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येत नाही." मी खुर्ची ढकलून जिन्याच्या गल्लीत पळत गेले. काका चादर पिळत होते. मी सांगितलं. ती चादर तशीच हातात धरून त्यांनी विचारलं, "किती राहिले?"

"अकरा."

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. काकूंचा आवाज या वेळी मला ऐकू आला नाही. काका नुसते "अगं पण", "अगं ऐक तरी" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बोलले, "येऊ नका म्हणते. अकरा दिवसांसाठी सगळं मातीत घालता का म्हणते. मी थांबते म्हणते."

मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणासाठी शब्द टाकला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी आत्ता सही करीन. पण उद्या तळ्याकाठचे सत्तर जण माझ्या दारात उभे राहतील. त्यांच्याही घरात कोणीतरी मरतंय, ताई. त्या निळ्या घरातल्या बाई बहिणीच्या आजारपणात दोन वर्षं अडकल्या होत्या. आपण त्यांना काय सांगितलं होतं?"

आम्ही त्यांना नियम दाखवला होता. मीच दाखवला होता, खिडकीतून, बोट ठेवून. मला फार राग आला, साहेबांचा नाही आणि काकांचाही नाही. मला त्या टाळ्यांचा राग आला, त्यातल्या माझ्या दोन हातांचा. खोलीतून बाहेर येऊन मी अर्धा तास खिडकी बंद ठेवली आणि लोकांनी बाहेर आरडाओरडा केला तरी उघडली नाही.

ते अकरा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. काका सोमवारी आले, गुरुवारी आले, सोमवारी आले. सही करायचे आणि तसेच परत फिरायचे. मी रोज मुलीला फोन करायचे. कालच्यापेक्षा बरी आहे, ती म्हणायची, किंवा आहे तशीच आहे.

शेवटच्या दिवशी आकडा घ्यायचं काम मीटरवाल्याचं होतं. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला. म्हटलं, मी जाते. सकाळी कार्यालय उघडल्या उघडल्या स्कूटर काढली, नऊच्या सुमारास जिन्याच्या गल्लीत पोचले. आकाश स्वच्छ होतं, पहिलं ऊन पडलं होतं, आणि मला कितीतरी महिन्यांनी बरं वाटत होतं.

काकांनी दार उघडलं. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, दाराशी कापडी पिशवी भरून ठेवलेली. मला वाटलं, काकूंना आणायची तयारी. खोलीत खिडकीशी पलंग सरकवलेला होता, त्यावर नवी गादी, पांढरीशुभ्र चादर, उशाला पाण्याचं भांडं ठेवायला स्टूल. न्हाणीघरातून ठिबकण्याचा आवाज येत नव्हता.

"अरे वा! नळ केला वाटतं दुरुस्त?" मी म्हणाले. "काकू यायच्या आधीच? आता त्या ओरडणार कशावरून?"

"काल केला," ते म्हणाले. "आधी आकडा घ्या, ताई."

मीटर मागच्या बाजूला. काचेवर वाफ धरली होती. मी रुमालाने पुसली, आकडा मोठ्याने वाचला, कागदावर लिहिला, पुन्हा ताडून बघितला. माझी बडबड सुरूच होती. गाडी कोणाची केली, रस्त्यात काकूंना झोपवून आणता येईल का, खिडकीला पडदा हवा, माझ्याकडे एक आहे, संध्याकाळी आणून देते. आणि मी त्यांना बघायला येणार आहे, सांगून ठेवा, चहा मीच करीन. काका शेजारी उभे होते. मध्येच म्हणाले, "सही कुठे करू?"

मी जागा दाखवली. भिंतीला कागद टेकवून त्यांनी सही केली. मग कागद परत न देता सगळा वाचला, वरपासून खालपर्यंत, शिक्क्याच्या जागेपर्यंत.

"झालं? आता याला कोणी हात लावू शकत नाही ना?"

"नाही लावू शकत. राहतं घर. नोटीस रद्द. सुटलात, काका."

त्यांनी कागद माझ्या हातात दिला, आत जाऊन पिशवी उचलली आणि दाराला कुलूप घातलं. कुलूप दोनदा ओढून बघितलं.

"ती पहाटे गेली, ताई," ते म्हणाले. "सव्वापाचला मुलीचा फोन आला."

एवढा वेळ मी काय काय बडबडले होते, ते सगळं एकदम आठवलं.

"सातची बस होती," ते म्हणाले. "पण मग सही राहिली असती. तिनं सहा महिने काढले ना त्यासाठी." मग म्हणाले, "पुढची साडेदहाची आहे. मला स्टँडपर्यंत सोडता का?"

मी स्कूटर सुरू केली. ते मागे बसले, पिशवी मांडीवर, एक हात माझ्या खांद्यावर. त्या बसने गेले तरी दीड दिवस लागणार होता, आणि तोवर तिकडे अंत्यविधीसाठी कोणी थांबलं असतं की नाही, कोण जाणे. उताराला लागल्यावर त्यांनी हंबरडा फोडला. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघायला लागले. मी गाडी थांबवली नाही, कारण बस चुकली असती.